उतारावरचा डाग

१

त्या सकाळी सूनबाई घसरून पडली आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. तोवर ते नुसतं सांडलेलं तेल होतं.

इमारतीच्या उतारावर म्हातारबुवांची जुनी गाडी नाक वर करून उभी असायची, आणि तिच्याखाली तळहाताएवढा काळपट डाग पडायचा. कोणी त्यावर भुसा टाकायचं, कोणी माती, कोणी नुसतंच नाक मुरडून जायचं. सूनबाई कामावर जायच्या घाईत होती. पाय पडला तो नेमका डागावर, आणि हात टेकून पडली ती मनगट मोडूनच उठली. त्याच संध्याकाळी मुलानं वडिलांना सांगून टाकलं, की शनिवारपर्यंत गळणं थांबलं तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात आणि किल्ली माझ्याकडे. वडिलांनी मान हलवली. त्या घरात बापलेकाचं बोलणं तसंही एवढंच उरलं होतं.

वकिलाला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, गाडी पुन्हा त्याच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा.

वकील म्हणजे काळा कोट घालणारा नव्हे. हा आपला गॅरेजवाला. पण गाडी आली की आधी गाडीला हात लावायचा नाही, मालकाची उलटतपासणी घ्यायची, ही त्याची जुनी खोड. त्यावरून कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. गाडी खोटं बोलत नाही, बोलतो तो मालक, असं तो म्हणायचा. पूर्वी ऐटीत म्हणायचा. आता गुडघे बोलत होते, कंबर बोलत होती, आणि रोज शटर ओढताना तो बायकोला सांगायचा की बास झालं, उद्यापासून बंद. रोज सकाळी बायकोच त्याच्या आधी किल्ल्या घेऊन दारात उभी असायची.

गाडीतून म्हातारबुवा उतरले, म्हणजे ड्रायव्हरकाका. उभं आयुष्य बस चालवलेला माणूस, म्हणून ड्रायव्हरकाका. निवृत्त झाल्यावरही शर्टाचं वरचं बटण लावूनच स्टिअरिंगवर बसायचे.

"परत?" वकिलानं विचारलं.

"परत," काका म्हणाले आणि बाकावर बसले.

या गाडीनं वकिलाचा जीव मेटाकुटीला आणला होता. पहिल्यांदा आली तेव्हा टॅपेट कव्हरचं पॅकिंग खरंच फुटलेलं होतं. ते बदललं. मग डाग पुन्हा आला, तेव्हा तेलाच्या दाबाचा स्विच बदलला. मग पुन्हा आला, तेव्हा अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवून मागचं ऑइल सील बदललं, आणि त्या कामात वकिलाची कंबर जी धरली ती अजून सुटली नव्हती. प्रत्येक वेळी जुनं तेल काढून नवं भरलं. प्रत्येक वेळी थोडे दिवस गाडी कोरडी ठणठणीत राहिली. आणि मग पालथ्या घड्यावर पाणी.

काकांसाठी ही नुसती गाडी नव्हती, हे वकिलाला ठाऊक होतं. काकांच्या बायकोचं सगळं विसरायला झालं होतं. सुरुवात भाजीत दोनदा मीठ पडण्यानं झाली, आणि शेवट असा झाला की घरात कोणी नसताना ती गॅस उघडा टाकून रस्त्यावर निघून गेली. मुलानं तिला गावाबाहेरच्या एका आश्रमात ठेवलं, जिथे अशा माणसांना सांभाळतात. काकांना ते पटलं नाही. तिथून घरात अबोला शिरला. बस त्या बाजूला जात नाही, म्हणून काका रोज ही गाडी काढून तिच्याकडे जायचे, तिला जेवू घालायचे आणि परत यायचे. किल्ली गेली तर मुलाला सवड असेल त्या रविवारी भेट. आणि मुलाला सवड फारशी नसायची.

वकील कण्हत खाली वाकला. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या मागच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तो त्यानं बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि बोट उजेडात धरलं.

तेल स्वच्छ होतं. मधाच्या रंगाचं.

२

एवढ्या जुन्या इंजिनात तेल चार दिवसांत काळं पडतं. पण मागच्या वेळी मीच नवं भरलं होतं ना, असेल त्यातलंच, असं म्हणून वकिलानं बोट पॅन्टला पुसलं. दमलेला माणूस असाच विचार करतो. तो बाकावर काकांच्या शेजारी जाऊन बसला आणि तपासणी सुरू केली.

तेल बघता का? रोज बघतो, काका म्हणाले. कुठे? आश्रमाच्या अंगणात, तिथे जमीन सपाट आहे. गाडी थोडा वेळ थंड होऊ देतो आणि मग तेल मोजायची काडी काढून बघतो. बसच्या दिवसांपासूनची सवय. झाकण? झाकण विसरलो असं आयुष्यात एकदाही झालेलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढला, आणि चढला हे लक्षात येऊन लगेच उतरला.

"आणि मधूनमधून तेल किती घालता?"

काका आपल्या हातांकडे बघत बसले.

"घालत असेन," ते म्हणाले. "लागेल तसं."

वकिलाच्या कानाला हे खटकलं. जो माणूस टायरमधली हवासुद्धा नेमकी सांगतो, तो 'लागेल तसं' कधीपासून म्हणायला लागला? ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. पण म्हाताऱ्या माणसाला किती खोदायचं. त्यानं सोडून दिलं.

दुपारी मुलाचा फोन आला. तो एका मोठ्या कचेरीत हिशेब तपासायचा, आणि बोलायचाही तसाच, बेरीज-वजाबाकी करत. त्याचं म्हणणं सरळ होतं. मी काही त्या गाडीला हात लावत नाही, पण गाडीत दोष नसणार. दोष असता तर एवढ्या दुरुस्तीत निघाला असता. बाबा झाकण नीट लावत नसणार, किंवा ओतताना सांडत असणार, आणि त्यांना ते आठवत नसणार.

"आईचंही असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला, आणि पुढचं काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला.

म्हणजे आता प्रश्न पॅकिंगचा राहिला नव्हता. गळती इंजिनात सापडली तर काका शहाणे. नाही सापडली तर काका विसरभोळे, आणि विसरभोळ्या माणसाला किल्ली कोण देतो? वकिलाला स्वतःचा राग आला. आपल्या तीन दुरुस्त्या फुकट गेल्या म्हणून एका माणसाच्या डोक्यावर संशय आला होता.

त्यानं शेवटचा उपाय काढला, जो कंटाळवाणा म्हणून तो टाळत आला होता. चेंबरमधलं तेल बोल्ट काढून जुन्या पिंपात सोडून दिलं, मापानं नवं भरलं, इंजिन डिझेलनं धुऊन लख्ख केलं, वाळवलं, आणि बायकोकडे पावडरचा डबा मागितला.

"मला तोंडाला लावायला मिळत नाही," बायको म्हणाली, "आणि इंजिनाचा मेकअप चाललाय."

पण डबा तिनं दिला. वकिलानं इंजिनावर वरपासून खालपर्यंत पांढरी पावडर भुरभुरली. तेल जिथून निघेल तिथून पावडर ओली होईल, आणि ओघळ आपणच आपलं गाव सांगेल. बॉनेट लावताना नेहमीप्रमाणे त्याची बोटं अडकली. या गाडीच्या बॉनेटची कळ म्हणजे एक शिक्षाच होती. उघडायला एका बाजूनं दाबायचं, दुसऱ्या बाजूनं उचलायचं, आणि मग आत बोट घालून एक पट्टी चाचपायची. वर्षानुवर्षं हात लावूनही वकिलाला ती पहिल्या झटक्यात कधी साधली नव्हती. काकांना तेवढी साधायची.

"रोजच्यासारखी चालवा," त्यानं काकांना सांगितलं. "शुक्रवारी घेऊन या. इंजिनाला पाणी लावू नका, पुसू नका."

काका निघताना खिडकीतून म्हणाले, "वकिला, गळती मिळेल ना रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी असं विचारलं नव्हतं. वकिलानं हो म्हटलं, आणि आपण कशाच्या जोरावर हो म्हटलं ते त्याला कळेना.

३

मधल्या एका दिवशी वकील त्या इमारतीत गेला. गुन्ह्याची जागा बघितल्याशिवाय कसला तपास.

उतार चांगला खडा होता. काकांची गाडी आश्रमाकडे गेलेली, जागा रिकामी, डागावर भुसा. शेजारची मुलाच्या गाडीची जागाही रिकामी होती, आणि तिथली फरशी आरशासारखी स्वच्छ. मुलाकडे कचेरीनं दिलेली कोरी करकरीत गाडी होती. भिंतीला लागून कचऱ्याचा मोठा डबा. बघण्यासारखं एवढंच.

सूनबाई घरीच होती, हात गळ्यात बांधलेला. तिनं एका हातानं चहा केला, वकील नको नको म्हणत असताना. तिला सासऱ्यांचा राग आला असेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचा सगळा राग नवऱ्यावर होता. घरात दोन पुरुष, ती म्हणाली, आणि दोघांच्या तोंडाला कुलूप. एक निरोप सांगायचा तर माझ्यामार्फत. मी काय पोस्ट ऑफिस आहे? त्यात नवऱ्यानं वर्षभरापासून सिगारेट धरलीय, चोरून. सकाळी सगळे उठायच्या आत फेरी मारून येतो म्हणून खाली जातो आणि वर आला की आधी साबणानं खसाखसा हात धुतो. हात पुसायचे टॉवेल सगळे काळे झालेत. विचारलं तर म्हणतो, काही नाही.

वकिलानं हं हं केलं. नवराबायकोच्या भांडणात वकिली करायची नाही, एवढी अक्कल त्याला लग्नानं शिकवली होती.

"ताई, काकांचं काय? विसरतात का ते?"

सूनबाईनं उठून दार लोटलं, घरात दुसरं कोणी नसताना.

ती म्हणाली, की तसं घड्याळ लावावं असे आहेत. पण मागे एकदा ती खाली गेली तेव्हा ते कचऱ्याच्या डब्यापाशी उभे होते. हातात तेलाचा एक रिकामा कॅन होता. ती आलेली त्यांना कळलंसुद्धा नाही. ते कॅन फिरवून फिरवून बघत होते.

"मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाले, 'हा मी कधी आणला गं?'" सूनबाईचे डोळे भरून आले. "मी ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किल्ली त्याच दिवशी गेली असती. तुम्हीही सांगू नका."

४

शुक्रवारी आश्रमातून परतताना काकांनी गाडी आणून आतल्या फरशीवर लावली. सूनबाईच्या दवाखान्याच्या खेपेला जायचं म्हणून ते रिक्षानं लगेच परत गेले. ते गेले हे बरंच झालं, वकिलाला एकट्यानं बघायचं होतं.

कळीशी झटापट करून त्यानं बॉनेट उघडलं आणि आधी खाली बघितलं, जिथे तो आजवर बघत आला होता. मागचं सील, कोरडं. स्विच, कोरडा. कव्हरचं पॅकिंग, कोरडं. ओला ओघळ इंजिनाच्या पाठीमागून खाली उतरला होता, आणि वकील बोटानं त्याच्या मागं मागं वर गेला. ओघळ संपला तो पार वर, ब्रीदरच्या नळीपाशी. इंजिन श्वास सोडतं ती नळी. तिथून तेल एअर फिल्टरमध्ये शिरलं होतं, फिल्टर थबथबला होता, आणि उरलेलं पाठीवरून वाहत मागच्या सीलपाशी येऊन ठिबकत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बिचाऱ्या सीलचा काही दोष नव्हता.

पण ब्रीदरमधून तेल कधी येतं? आत मावेनासं झालं की. त्यानं काडी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली.

तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. चांगलं बोटभर वर.

त्यानं टायरवर बसकण मारली. गळक्या गाडीत तेल कमी असणार, हे आईच्या पोटातून शिकून आल्यासारखं त्यानं धरलं होतं. म्हणून एकदाही काडी बघितली नव्हती. गाडी आली की बोल्ट काढायचा, असेल नसेल ते पिंपात सोडायचं आणि मापानं नवं भरायचं. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी थोडे दिवस बरी. बरी व्हायची ती पॅकिंगनं नव्हे, जास्तीचं तेल निघून गेल्यानं. मग कोणीतरी पुन्हा ओतायचं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, आणि डॉक्टर कोण, तर हा शहाणा.

कोणीतरी ओतत होतं. तेलाच्या झाकणावरची पावडर बोटांनी पुसली गेलेली स्पष्ट दिसत होती.

बायको चहा घेऊन आली. गळती सापडली तर तोंड असं का, तिनं विचारलं. वकिलानं सगळं सांगितलं. कचऱ्यातला कॅनही सांगितला, न सांगायचं कबूल करूनही. म्हातारा ओततो, विसरतो, पुन्हा ओततो. भाजीत दोनदा मीठ, तसं इंजिनात दोनदा तेल. म्हणून तर 'घालत असेन, लागेल तसं.' खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. उद्या मुलापुढे हे कसं सांगायचं? सांगितलं तर म्हाताऱ्याचं जाणं-येणं संपलं. नाही सांगितलं तर इंजिन कधीतरी रस्त्यात दगा देईल, तेही त्याला घेऊन.

"काय करू गं?" तो म्हणाला. "मला आता ह्या वयात असलं झेपत नाही."

बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. काका तेल घेतात ते इथल्या माझ्या काउंटरवरून, ती म्हणाली, आणि त्यांनी कित्येक महिन्यांत कॅन नेलेला नाही. दुसरीकडे घेतील म्हणावं तर ते दुसऱ्याच्या तेलाला पाणी म्हणतात. विसरलेला माणूस सवय विसरत नाही. विसरून आला असता तरी माझ्याच दारात आला असता.

वकिलानं मान वर केली. तो उठला, काडीचं टोक बोटांत धरलं आणि चोळलं. पहिल्या दिवशी आळसानं सोडून दिलेली गोष्ट त्याच्या बोटाला आता कळली. तेल स्वच्छ होतं, कारण ते ताजं होतं. आणि पातळ होतं, पाण्यासारखं. जुन्या इंजिनाला लागतं ते जाड तेल. तेच तो स्वतः भरायचा. हे पातळ तेल घालतात ते नव्या कोऱ्या गाड्यांत.

त्या उतारावर नवी कोरी गाडी एकाचीच होती.

सकाळची फेरी, साबण, काळे टॉवेल. सिगारेटनं टॉवेल काळे होत नाहीत. वकिलाला आधी समाधान वाटलं आणि पाठोपाठ किळस आली. बापाची किल्ली काढून घेता यावी म्हणून पोरगा बापाच्या गाडीत तेल ओततो? वर सांगतो, आईचंही असंच सुरू झालं होतं?

त्यानं बॉनेट आपटलं. उद्या शनिवार, निकाल ऐकायला पोरगा यायचाच होता.

५

शनिवारी दुपारी मुलगा आला तेव्हा काका बाकावर बसलेले होते. दोघांनी एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. बायको काउंटरमागे होती, पण तिचं लक्ष गिऱ्हाइकात नव्हतं.

वकिलानं गाडी आधीच गॅरेजच्या दारातल्या चढावर लावून ठेवली होती, नाक वर करून, घरच्यासारखी. त्यानं कमरेवर हात ठेवला, चेहरा वाकडा केला. चेहरा करायला फार कष्ट पडले नाहीत.

"साहेब, जरा बॉनेट उघडता का? मला वाकवत नाही."

मुलगा पुढे झाला. एका बाजूनं दाबलं, दुसऱ्या बाजूनं उचललं, आत बोट घातलं, आणि बॉनेट एका झटक्यात वर आलं.

काका बाकावरून अर्धे उठले.

"तुला ही कळ कशी साधली?" त्यांनी विचारलं. वर्षभरात मुलाला विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न असेल.

मुलाचा हात बॉनेटवरच राहिला. तो गाडीला कधी हात लावत नाही, असं तो स्वतःच वकिलाला सांगत आला होता. वकिलानं मग एकेक गोष्ट मांडली. ब्रीदरचा ओघळ. झाकणावर पुसलेली पावडर. बोटभर जास्तीचं तेल. पातळ तेल. सकाळची फेरी आणि टॉवेल. आवाज चढवला नाही, चढवायची ताकदही नव्हती.

"तेल तुम्ही ओतता," तो शेवटी म्हणाला. "का, ते तुम्ही सांगा."

मुलाचा चेहरा बघून वकिलाला आपला कालचा राग चुकीचा वाटायला लागला. पकडलेला चोर असा दिसत नाही.

"गळत होती म्हणून," मुलगा म्हणाला. "तेल संपलं आणि हायवेवर इंजिन जाम झालं तर? बाबा एकटे असतात. मी रोज सकाळी काडी बघतो. रोज कमी असतं, अगदी टोकाला लागेल एवढंच. मग माझ्या गाडीसाठी आणलेलं घालतो. मी नसतं घातलं तर ही गाडी केव्हाच..." तो थांबला. "बाबांना विचारून केलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं."

वकिलानं काडी ओढून मुलाच्या हातात दिली. टोक जेमतेम ओलं होतं. नंतर ब्रेक सोडून त्यानं आणि मुलानं गाडी ढकलत आतल्या सपाट फरशीवर नेली, थोडं थांबले, आणि पुन्हा काडी बघितली. तेल खुणेच्या वर.

सांगायला फारसं उरलं नव्हतं. चढावर नाक वर करून उभ्या गाडीत तेल मागं सरकतं, आणि या इंजिनात काडी पुढच्या टोकाला. उतारावर ती कमीच दाखवणार. पहिली गळती खरी होती, त्या फुटलेल्या पॅकिंगची. मुलानं डाग बघितला, काडी बघितली, ओतलं. पॅकिंग बदललं तरी काडी कमीच दाखवत राहिली, म्हणून ओतत राहिला. जास्तीचं तेल ब्रीदरनं बाहेर फेकलं, डाग पडला. डाग बघून आणखी ओतलं.

"आणि त्याच डागावर ती पडली," मुलगा म्हणाला. त्याला बसायला जागा हवी होती, तो गाडीच्या बंपरवरच टेकला. "आणि मी सगळं बाबांच्या डोक्यावर..."

काका मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते वकिलाजवळ आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला, गर्दीच्या बसमध्ये दांडा धरावा तसा घट्ट.

"म्हणजे मी नव्हतो," ते म्हणाले.

"तुम्ही नव्हता, काका."

"मी रोज तिथल्या अंगणात बघायचो. रोज जास्त. गाडीला दुसरं कोण हात लावतं? कोणीच नाही. मग मीच घातलं असणार. आठवायचा प्रयत्न करायचो, आठवायचं नाही. डब्यात कॅन सापडला, तोही आठवेना. तुझ्याकडे आणली की तू तेल काढून टाकायचास, म्हणून आणायचो. सांगायची लाज वाटायची. मला वाटलं, माझंही तिच्यासारखं सुरू झालं."

काउंटरमागे बायकोनं पदर डोळ्याला लावला.

मुलगा उठून बापासमोर उभा राहिला. "बाबा, मला माफ करा," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

"मीही बोलायला हवं होतं," काका म्हणाले. "वर्षभर एकाच गाडीचं तेल बघत होतो आपण दोघं."

मग ते एकाएकी बाकावर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वकिलाला वाटलं चक्कर आली, तो पाण्याला धावला. पण तसं नव्हतं.

"काल मी तिला सांगून आलो," काका म्हणाले. "किल्ली जाणार हे धरलंच होतं. तिला म्हटलं, आता मला रोज यायला जमणार नाही, तू नीट जेवत जा. ती खूप रडली रे. माझी बाही सोडेना. आश्रमातल्या दोघींनी धरून तिला आत नेलं."

मुलगा खाली बसला, बापाच्या पायाशी, फरशीवर, कचेरीच्या कपड्यांत.

"बाबा," तो हळू म्हणाला, "आईला ते आज आठवत नसणार."

ती बातमी काकांपर्यंत पोचायला वेळ लागला.

"नसणारच," ते म्हणाले. "तिला कालचं काही आठवत नाही." आणि इतके महिने ज्या गोष्टीसाठी ते देवाशी भांडत आले होते, त्याच गोष्टीनं त्यांचे डोळे वाहायला लागले. "विसरली असेल ती. बरं झालं."

वकिलानं बोल्ट सैल केला आणि जास्तीचं तेल सोडून दिलं. खुणेबरोबर आल्यावर बोल्ट आवळला, काडी काकांना दाखवली, मग मुलालाही दाखवली. तो हात पुसेपर्यंत काका स्टिअरिंगवर जाऊन बसले होते. मुलगा दारापाशी घुटमळत होता.

"मी चालवू?" त्यानं विचारलं.

"नको," काका म्हणाले. "तू शेजारी बस. तिच्या जेवणाची वेळ झाली."